आधी मोजू, मग उपसू : दुष्काळी तालुक्यांच्या भूजल चळवळीचा जाहीरनामा

महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेत पाणी अडवण्याची चळवळ झाली, जिरवण्याचीही झाली. पाणी न उपसण्याची चळवळ मात्र मोजक्या गावांच्या वेशीबाहेर कधी गेली नाही. ती आम्ही सुरू करत आहोत.

आम्ही माण-खटाव, आटपाडी-जत, सांगोला, आष्टी-पाटोदा, भूम-परांडा, अंबड-घनसावंगी अशा तालुक्यांतली माणसं. आमच्यात विहिरीवाले आहेत, बोअरवाले आहेत आणि ज्यांच्या नावावर सातबाराच नाही असेही आहेत. टँकर आला की हातातलं काम टाकून हंडा घेऊन धावणाऱ्या बाया आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन गाव सोडणारी कुटुंबं आहेत. गावात पाण्याअभावी काम नाही म्हणून निघायचं आणि जाऊन तोडायचं ते सगळ्यांत जास्त पाणी पिणारं पीक, यातला विनोद त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नाही.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला दोन गोष्टी दिल्या. एक रोजगार हमी. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि पुढे देशाने तो उचलला. दुसरी गोष्ट म्हणजे कठीण खडक भेदणारी रिग. ती आली होती पिण्याच्या पाण्यासाठी, हातपंपासाठी. जालना आणि सोलापूर इथे मिशनवाल्यांनी सुधारलेल्या हातपंपांमधूनच पुढे देशभर पसरलेला इंडिया मार्क टू पंप घडला. हातपंपाला एक अंगची मर्यादा होती, ती म्हणजे माणसाचा दंड. पाणबुडी मोटारीचा दंड दुखत नाही. मोटार आली, वीज आली, विजेची आकारणी युनिटऐवजी अश्वशक्तीवर झाली, आणि चार-सहा परसांच्या विहिरीवर भागवणारं शिवार पन्नास वर्षांत हजार फुटांवर जाऊन पोचलं. आज तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या रिग आमच्या बांधावर रात्रभर घरघरतात. पाणाड्या नारळ फिरवून जागा दाखवतो, सावकार किंवा सोनं तारण ठेवणारा पैसे देतो, आणि सकाळी भोकातून फुफाटा निघाला की शेतकरी दुसरी जागा शोधू लागतो.

या धावपळीला शेतकऱ्याचा मूर्खपणा म्हणणारे शहाणे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्यात नाही. शेजाऱ्याने दोनशे फूट मारली की आपली विहीर उतरते, आपण तीनशे मारली की त्याची बोअर आटते. थांबतो तो बुडतो. असा खेळ कोणी एकट्याने थांबवू शकत नाही. तो सगळ्यांनी मिळूनच थांबवता येतो, म्हणून चळवळ.

आता पायाखाली काय आहे ते नीट पाहू, कारण आमचं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग दख्खनच्या बेसॉल्टवर बसला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर देत थिजला. खोल विहिरीत डोकावलं तर कड्यावर भाकरींची चवड रचल्यासारखे थर दिसतात. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग अखंड काळा पाषाण, मध्येच लाल गेरूचा पट्टा आणि खाली पुन्हा तोच क्रम. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. पाषाण कोरडाच असतो. असा शंभर घनमीटर खडक पूर्ण भिजलेला असला, तरी त्यातून मोकळं होणारं पाणी साधारण एक ते तीन घनमीटर. म्हणजे आमचं कोठार मुळातच उथळ आणि लहान आहे.

पंजाब-हरियाणाच्या खाली शेकडो फूट गाळ आहे. तिथे उधळपट्टी पिढीभर खपून गेली. आमच्याकडे ती एका उन्हाळ्यात उघडी पडते. हस्ताच्या पावसानंतर काठोकाठ दिसणारी विहीर शिवरात्रीला तळ दाखवते, आणि चांगल्या वर्षाचं पाणी पुढच्या वाईट वर्षापर्यंत फारसं पुरत नाही. हे आमचं दुर्दैव म्हणून पुष्कळ सांगून झालं. याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. कोठार वर्षाचं असेल तर शिस्तीचं फळही वर्षातच मिळतं. ऑक्टोबरात ठरवलेला नियम पाळला, तर त्याचा दाखला नातवंडांच्या काळात शोधावा लागत नाही. येत्या एप्रिलातच विहिरीत दोर सोडून तो पाहता येतो. भूजलाच्या बाबतीत इतका लवकर न्याय देणारी जमीन फार थोड्यांच्या वाट्याला आली आहे.

शेजारच्या बोअरने आपली विहीर का उतरते याचंही उत्तर याच खडकात आहे. वरच्या थरांना बंद न करता मारलेली खोल बोअर वरच्या भेगा खालच्या सांध्याला जोडते. मग वरचं पाणी त्या भोकातून खाली निसटतं. हजार फुटांवर पाण्याचा नवा साठा सापडला असं वाटतं, तो अनेकदा शेजारच्या विहिरीचाच पाझर असतो. खोलवर खरोखर वेगळं पाणी लागलंच, तर ते भरून यायला फार काळ लागतो. शिवाय काही भागांत ते पिण्याच्या लायकीचं नसतं. यवतमाळ आणि नांदेडच्या गावांनी फ्लोराइडची किंमत दातांनी आणि हाडांनी मोजली आहे.

आता हिशेब. तो कोणाही सातवीच्या मुलाला करता येतो, म्हणून आम्ही तो ग्रामसभेच्या भिंतीवर लिहिणार आहोत. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. एक हजार हेक्टरचं शिवार धरा, पाऊस ५०० मिलिमीटर धरा. आभाळातून उतरलं ५०० कोटी लिटर. त्यातलं बरंचसं पिकांनी आणि मातीने घेतलं, काही उडालं, काही वाहून गेलं. बेसॉल्टमध्ये भूजलापर्यंत पोचतं ते ढोबळमानाने दहा टक्के, म्हणजे ५० कोटी लिटर. गावाची वस्ती दोन हजार असेल तर माणशी रोज ५५ लिटर धरून वर्षाला चार कोटी लिटर, जनावरांना आणखी दोन कोटी. राहिले ४४ कोटी.

पाटाने भिजवलेला ऊस हेक्टरी साधारण दोन कोटी लिटर पाणी घेतो. म्हणजे ४४ कोटींत पंचावन्न एकर ऊस आणि शिवारात दुसरं काहीही नाही. तेच पाणी हरभऱ्याला तीन पाळ्यांनी दिलं, तर हेक्टरी वीस लाख लिटर धरून साडेपाचशे एकर भिजतो. ठिबकने उसाचं पाणी निम्म्यावर आणलं तरी आकडा एकशे दहा एकरांवर थांबतो. खडक बदलेल, पाऊस बदलेल, आकडे थोडे इकडेतिकडे होतील. एका पिकाने दहापट एकर कोरडं ठेवावं का, हा प्रश्न बदलत नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभर बातमी झाली, गाडीवर फुलं उधळली गेली. वरच्याच हिशेबाने ते पाणी अडीच गुंठे उसाचं होतं.

ऊस लावणारा शेतकरी आमचा शत्रू नाही. आमच्यातलेच कित्येक ऊस लावतात. उसाला कायद्याने बांधलेला दर आहे आणि न्यायला कारखान्याची गाडी येते. ज्वारी, तूर, हरभऱ्याला हमीभाव कागदावर असतो आणि खरेदी केंद्र उघडेपर्यंत माल व्यापाऱ्याच्या घरी गेलेला असतो. त्यामुळे फडावर लाठी घेऊन जाणाऱ्यांनी या चळवळीत येऊ नये. आमचं भांडण पिकाच्या बाजूला उभ्या असलेल्या सगळ्या व्यवस्थेशी आहे.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं होईल. उलट फार केलं, पण ते एकाच बाजूला केलं. चर खणले, नाले खोल केले, बंधारे बांधले. जलयुक्त शिवारवर ९,६३३ कोटींहून जास्त खर्च झाल्यावर २०२० साली कॅगने लिहिलं, की भूजल पातळी वाढण्यावर या योजनेचा परिणाम फारच थोडा झाला. आम्हाला याचं नवल वाटलं नाही. भरणा वाढला की मोटारी वाढतात. बंधाऱ्याखाली पहिल्याच वर्षी पाच नव्या बोअर पडतात आणि तिसऱ्या वर्षी गाव टँकरच्या यादीत परत येतं. मागेल त्याला शेततळं आलं. ते पावसाचं वाहतं पाणी धरायला होतं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी प्लॅस्टिक अंथरून विहिरीचं पाणी उपसून त्यात ठेवलं गेलं. खडकात सावलीला असलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं, ही युक्ती ज्याला परवडते त्याच्या फायद्याची आहे, कारण समाईक पाणी एकदा आपल्या तळ्यात आलं की आपलं होतं. आता मागेल त्याला सौर पंप आहे, साडेसात अश्वशक्तीपर्यंत मोफत वीज आहे. सगळं मागेल त्याला मिळतं. जमिनीखाली किती उरलंय, हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही.

विचारायचं तरी कोणाला? १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा जमिनीच्या मालकाला तिच्याखालचं पाणी गोळा करून वापरण्याचा हक्क देतो. इंग्रजांच्या काळात, मोटेच्या युगात केलेली ही तरतूद आहे. दोन बैल जेवढं ओढतील तेवढाच तो हक्क होता. आज एकाच गटातल्या तीन बोअर शेजारच्या दहा गटांचं पाणी ओढतात आणि तेही हक्कानेच. भूमिहीनाला तर या हक्कात जागाच नाही, जणू त्याच्यावर पाऊस पडतच नाही.

या अन्यायाचं उत्तर महाराष्ट्राने केव्हाच शोधलं होतं. विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाणी जमिनीच्या एकरांवर दिलं नाही, घरातल्या माणसांवर दिलं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं. भूमिहीनालाही वाटा, आणि त्या पाण्यावर ऊस नाही. सरपंच पोपटराव पवारांच्या काळात हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केली, ऊस-केळी बंद केली, आणि पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीला काय घ्यायचं हे ग्रामसभेत ठरवायला सुरुवात केली. या दोन गावांना आदर्श गाव म्हणून हार घालणाऱ्यांनी त्यांचे बंधारे पाहिले, फोटो काढले, सहली नेल्या. त्यांचे नियम कोणी नेले नाहीत. बंधारा बांधायला निविदा निघते, कंत्राटदार मिळतो. नियमाला कंत्राटदार नसतो.

आणि आता हवामान. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. आमच्या अनुभवाशी हे जुळतं. खडकाला लागतो तो भिजपाऊस, चार-चार दिवसांची झड. तासाभरात कोसळणारा पाऊस माती नेतो, खडकाला काही देत नाही. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. दोनच वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबरात, मराठवाड्यात शेतं खरवडून गेली. वर्षाची सरासरी पाहणाऱ्याला दोन्ही वर्षं मिळून ठीकठाक दिसतील. सरासरी पाऊस कधी कोणाच्या रानात पडत नाही. तसंच राज्याच्या भूजल उपशाचंही. एकूण उपसा भरण्याच्या ५४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कागदावर महाराष्ट्र सुखात आहे. त्या सरासरीत कोकणातला पाऊसही आहे आणि आमच्या कोरड्या बोअरही.

म्हणून हवामान बदलाची आमची तयारी म्हणजे मोठी कल्पना नाही. पेरणीआधी तीन पानं लिहून ठेवायची. पाऊस चांगला झाला तर काय, निम्मा झाला तर काय, अजिबात फिरकला नाही तर काय. कोणत्या विहिरी पिण्यासाठी राखायच्या, कोणत्या तारखेनंतर शेतीच्या मोटारी बंद, कोणाच्या फळबागेला जगवण्यापुरतं पाणी द्यायचं, चारा कुठून आणायचा. हे सगळं डोकं शांत असताना ठरवायचं. टँकरच्या रांगेत उभं राहून कोणी न्यायाने वागत नाही.

या चळवळीत येणारं गाव पुढील गोष्टी मान्य करील. शिवाराच्या माथ्यावर, मध्यावर आणि पायथ्याला निदान दोन-दोन विहिरी निवडून दर पौर्णिमेला त्यांची पातळी मोजायची आणि आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहायचा. गावाचं स्वतःचं पर्जन्यमापक असेल, कारण महसूल मंडळात एक यंत्र असून भागत नाही. आपल्याकडे पाऊस बांधाबांधाला बदलतो. हजार हेक्टरांत पातळी सरासरी एक मीटर उतरली, तर खडकातून वीसेक कोटी लिटर गेलं असं धरून पुढचा निर्णय होईल. पाण्यावर पहिला हक्क माणसांचा आणि जनावरांचा, दुसरा प्रत्येक कुटुंबाच्या एका संरक्षित पाळीचा, उरलं तर बाकीचं. भूमिहीन कुटुंबाचा वाटा ठरेल आणि तो कसायला घेतलेल्या तुकड्यावर वा जनावरांवर वापरण्याची मुभा त्याला राहील. दोनशे फुटांखाली शेतीसाठी नवी बोअर नाही, जुनी खोल करायची नाही, विहिरीत नवी आडवी बोअर मारायची नाही. ताळेबंद आधी महिला ग्रामसभेत मंजूर होईल, मगच मुख्य ग्रामसभेत येईल. पाणी कमी पडल्याचं सर्वांत आधी ज्यांना कळतं, त्यांची सही सर्वांत आधी.

पाणी गावाची शीव मानत नाही. माथ्यावरच्या गावाने उपसलं तर पायथ्याच्या गावाचा ओढा आटतो. त्यामुळे एका पाणलोटातली गावं वर्षातून एकदा एकत्र बसतील. भांडणं होतील. भावकीची भांडणं आम्ही पिढ्यान् पिढ्या बांधावरून केली, एकदा आकड्यांवरून करून पाहू.

सरकारकडे आमचं मागणं नव्या योजनेचं नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा १ जून २०१४ पासून लागू आहे. त्यात साठ मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध आहे, विहिरींची आणि रिगची नोंदणी आहे, पाणलोट समित्या आहेत. तो चालवा. रात्री शिवारात शिरणाऱ्या प्रत्येक रिगची नोंद तहसीलच्या फलकावर लागली, तरी निम्मं काम होईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या राज्यात सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी आहेत आणि त्या वर्षातून चारदा मोजल्या जातात. गावं चाळीस हजारांवर आहेत. आमच्या विहिरींचे आकडे यंत्रणेने तपासावेत, पटले तर आपल्या नोंदीत घ्यावेत. जिथे उपसा भरण्याच्या पुढे गेला आहे, तिथे ग्रामसभेच्या ठरावाशिवाय नवा पंप देऊ नये, सौर तर नाहीच नाही. उन्हाला बिल येत नाही म्हणून मोटार थांबायचं कारणच उरत नाही. मोफत वीज काढून घ्या असं आम्ही म्हणणार नाही. कमी उपसणाऱ्याला वाचलेल्या विजेचे पैसे द्या. पंजाबने २०१८ साली असा प्रयोग सुरू केला, महाराष्ट्राला काय हरकत आहे? आणि कमी पाण्यावर येणारी ज्वारी, बाजरी, करडई, हरभरा, तूर खरोखर खरेदी करा. रेशनवर द्या, शाळेच्या पोषण आहारात द्या. त्याशिवाय पीकबदलाची सगळी भाषणं पोकळ आहेत.

व्यासपीठावर कोणत्याही पक्षाचा झेंडा नसेल. पक्षात असणाऱ्यांना मनाई नाही, मात्र ज्याची स्वतःची बोअर नियमात बसत नाही त्याला माईक मिळणार नाही.

गावात सगळे एकदम तयार होतील असं समजू नका. पहिल्या वर्षी पाच-सात घरं आली तरी मोजायला सुरुवात करा. आकडा भिंतीवर दिसू लागला की लोक आपोआप त्याबद्दल बोलू लागतात, वाद घालतात, चुका काढतात, आणि चूक काढणारा माणूस पुढच्या पौर्णिमेला दोर घेऊन सोबत येतो.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आठ दिवस आधी आपल्या शिवारातल्या सहा विहिरींची पातळी मोजा, यंदाचा पाऊस लिहून काढा, ताळेबंद मांडा आणि रब्बीचं पीक ठरवण्याचा विषय लेखी अर्जाने सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.